जुनी ओमनी व्हॅन: स्टिअरिंगचा ढिलेपणा आणि पत्र्याचा गंज – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मारुतीची व्हॅन १९८४ मध्ये रस्त्यावर आली, पुढे तिचं नाव ओमनी झालं आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. कोकणात आणि गोव्यात ती अजून रोज कामावर आहे: शाळेची मुलं, मासळी, भाजी, मंडपाचं सामान, सगळं तिच्यातून जातं. खालची उत्तरं मुख्यतः ओमनीसाठी आहेत. ईकोलाही त्यातलं बहुतेक लागू पडतं.

स्टिअरिंग ढिलं आहे म्हणून गाडी फिटरकडे नेली, तर तो पत्रा का तपासतो?

कारण स्टिअरिंगचा रॅक (व्हील फिरवलं की डावी-उजवीकडे सरकून चाकं वळवणारा दातेरी दांडा), लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) आणि स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बरचा खांब) हे सगळं शेवटी पत्र्यालाच बोल्ट केलेलं असतं. नवा टाय रॉड एंड (रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचं टोक), नवे बुश (सांध्यातले रबर), नवा रॅक बसवला आणि ज्या मेंबरवर (तळाच्या पोकळ पत्र्याच्या पेटीवर) तो बसला आहे तोच आतून पोकळ झाला असेल, तर वळताना रॅक जागच्या जागी सरकणार. हातात जाणवणारा ढिलेपणा तसाच राहतो आणि मालक म्हणतो, पार्ट डुप्लिकेट निघाला. किनाऱ्यालगतच्या दहा-पंधरा वर्षांच्या गाडीत हे दोन्ही तपास एकाच वेळी, गाडी एकदाच उचलून करावेत.

ओमनीला चेसिस असते का?

ट्रकसारखी वेगळी, बोल्टने जोडलेली चेसिस नसते. फ्लोअरच्या पत्र्याला खालून पेटीच्या आकाराचे मेंबर स्पॉट वेल्डने जोडलेले असतात. लोक त्यांनाच ‘चेसिस’ म्हणतात. हे मेंबर आतून पोकळ असल्यामुळे गंज आतून बाहेर येतो. बाहेरच्या रंगावर फुगवटा दिसेपर्यंत आतला निम्मा पत्रा गेलेला असू शकतो.

स्टिअरिंगमध्ये किती प्ले (रिकामा खेळ) चालतो?

केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ९८ नुसार स्टिअरिंग व्हीलवरचा बॅकलॅश, म्हणजेच प्ले, ३० अंशांपेक्षा जास्त नसावा, बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असाव्यात आणि बोल्ट-पिना नीट लॉक केलेल्या असाव्यात. पण ३० अंश ही कायद्याची शेवटची हद्द आहे. तिच्यावर समाधान मानू नका. साधारण ३८ सेंमी व्यासाच्या व्हीलवर ३० अंश म्हणजे कडेला जवळजवळ १० सेंमी होतात. इतका प्ले असलेली ओमनी घाटात चालवणं धोक्याचं आहे. कडेला मोजून ३० मिमीच्या आत, म्हणजे सुमारे ९ अंशांपर्यंत प्ले असेल तर गाडी निरोगी समजा. त्यापुढे गेला की कारण शोधायला लागा.

मोजायची रीत सोपी आहे. गाडी सपाट जागेवर, चाकं सरळ, किल्ली फिरवून स्टिअरिंग लॉक उघडलेलं. व्हीलच्या कडेला चिकटपट्टीची खूण करा, शेजारी पट्टी धरा. एका बोटाने डावीकडे फिरवत पुढचा टायर हलायला लागेल तिथे थांबा, मग उजवीकडे तसंच करा. दोन जागांमधलं अंतर म्हणजे तुमचा प्ले.

प्ले नेमका कुठे आहे, हे कसं ओळखायचं?

दोन माणसं लागतात. चाकं जमिनीवर असतानाच एकाने व्हील बोटभर डावी-उजवीकडे हलवत राहावं, दुसऱ्याने खाली जाऊन एकेका सांध्यावर हात ठेवावा. जिथे अलीकडचा भाग हलतो आणि पलीकडचा थांबून मग हलतो, तो सांधा गेलेला. वरून खाली क्रमाने या: कॉलमच्या शाफ्टचे जोड, पिनियनची (रॅक सरकवणाऱ्या दातेरी चाकाची) जागा, रॅकचे क्लॅम्प आणि त्यांचे रबर, आतले रॅक एंड, बाहेरचे टाय रॉड एंड. रॅकची संपूर्ण नळीच डावी-उजवीकडे सरकताना दिसली तर रबर गेलंय, बोल्ट सैल आहेत किंवा खालचा मेंबर कुजलाय. बोल्ट आवळून बघा. आवळूनही बोल्ट नुसताच फिरत राहिला तर मेंबरच्या आत वेल्ड केलेला नट पत्र्यासकट सुटला आहे. तिथून पुढचं काम फिटरचं नाही, डेंटरचं (पत्र्याचं काम करणाऱ्याचं) आहे.

मग गाडी उचला. जॅक लावण्याआधी मागच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी पाचर लावा आणि उचलल्यावर स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका. गंजलेल्या गाडीत जॅक पॉइंटच आत बसतो. चाक घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी धरून हलवा: फक्त इथे खेळ असेल तर टाय रॉड किंवा रॅक. १२ आणि ६ ला धरून हलवा: इथेही खेळ असेल तर व्हील बेअरिंग किंवा लोअर बॉल जॉइंट. कोणीतरी ब्रेक दाबून धरावा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट.

लोअर बॉल जॉइंटसाठी चाक लटकत असलं पाहिजे. ओमनीत पुढे स्ट्रट आहे, गाडीचं वजन बॉल जॉइंटवर नसून स्ट्रटवर येतं. त्यामुळे आर्म आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) यांच्यात पहार घालून वर-खाली रेटल्यावरच खरा ढिलेपणा कळतो. हा सांधा कधीही ‘अजून महिनाभर चालेल’ या वर्गातला नाही. तो निसटला की चाक आडवं पडतं, आणि ओमनीत चालक जवळजवळ पुढच्या चाकांवरच बसलेला असतो.

गॅरेजवाला म्हणतो, रॅक आवळून देतो, प्ले जाईल. करून घ्यावं का?

रॅकच्या पाठीमागे स्प्रिंग आणि प्लंजर असतो आणि त्याचा स्क्रू फिरवून थोडा खेळ काढता येतो, हे खरं. पण गाडी आयुष्यभर बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून रॅकचे दात मधोमध झिजतात आणि टोकांना जवळपास नवे राहतात. मधला खेळ जाईपर्यंत आवळलं की पूर्ण वळणावर रॅक अडकतो. वळणानंतर व्हील आपोआप सरळ व्हायला हवं, ते होत नाही. हा दोष मूळ ढिलेपणापेक्षा जास्त घातक आहे.

म्हणून आधी बाकी सगळे सांधे तपासून घ्या. मग स्क्रू एका वेळी थोडासाच फिरवा, लॉकनट आवळा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत व्हील फिरवून कुठे जड लागत नाही ना ते बघा. जड लागलं तर स्क्रू परत मागे घ्या. मध्ये ढिला आणि टोकांना घट्ट असा रॅक निघाला तर तो बदलणं हाच इलाज.

टाय रॉड एंड घरच्या घरी बदलता येतो का?

हत्यारं असतील तर येतो. नंतर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) मात्र करावंच लागतं.

१. चाक काढा. लॉकनटवर गंज सोडवणारं तेल मारून अर्धा तास थांबा.
२. लॉकनट पाव फेरा सैल करा आणि त्याची जागा रंगाने खूण करून ठेवा.
३. स्प्लिट पिन काढून किल्ल्यासारख्या खाचांचा नट सोडवा, पण शेवटचे दोन आटे राहू द्या.
४. पुलरने सांधा सोडवा. पुलर नसेल तर नकलच्या डोळ्याच्या बाजूवर हातोड्याचा ठोका द्या. आट्यांवर ठोकू नका. दोन-तीन ठोक्यांत सांधा उडतो.
५. जुना एंड उघडताना फेरे मोजा, नवा तेवढेच फेरे आत घ्या.
६. नट साधारण ३५ ते ५५ न्यूटन-मीटर आवळा. खाच आणि भोक जुळत नसतील तर थोडं अजून आवळा, मागे कधीच फिरवू नका. स्प्लिट पिन दर वेळी नवी. तिच्या जागी तार किंवा खिळा चालत नाही.

दोन्ही बाजूंचे एंड जोडीने बदलावेत. काम झाल्यावर व्हील वाकडं दिसलं तर ते काढून दुसऱ्या दातावर बसवू नका. डावा आणि उजवा टाय रॉड सारख्याच प्रमाणात कमी-जास्त करून व्हील मध्ये आणायचं असतं.

व्हील फिरवताना एका फेऱ्यात दोनदा जड लागतं. कशामुळे?

कॉलमच्या शाफ्टवरचा क्रॉस जॉइंट गंजून धरला आहे. हे त्याचंच लक्षण: एका पूर्ण फेऱ्यात दोनदा जड, दोनदा हलकं. पायाजवळच्या भोकातलं रबर फाटलं की पावसाचं पाणी थेट या जोडावर येतं. तेल घालून तात्पुरतं हलकं होतं, पण आतल्या सुयांचं बेअरिंग गेलेलं असतं, म्हणून जॉइंट बदलावा.

बदलताना एक गोष्ट डोळ्यांनी खात्री करून घ्या. जोड आवळणारा बोल्ट शाफ्टवरच्या खाचेतून जायला हवा. शाफ्ट पूर्ण आत गेला नसेल तर बोल्ट खाचेबाहेर बसतो, आवळलेला वाटतो आणि एखाद्या खड्ड्यात शाफ्ट बाहेर येतो. त्या क्षणी व्हील आणि चाकं यांचा संबंध तुटतो. इतर बहुतेक बिघाड आधी आवाज करून सांगतात, हा सांगत नाही.

रॅकचा रबर बूट फाटलाय, बाकी सगळं ठीक आहे. थांबलं तर चालेल?

पावसाळा तोंडावर असेल तर नाही. जांभ्याची लाल माती बारीक आणि खरखरीत असते. ती पाण्याबरोबर आत गेली की रॅकच्या गुळगुळीत भागावर पॉलिश पेपरसारखी घासते. बूट स्वस्त आहे, रॅक महाग आहे. बदलताना जुनं ग्रीस पूर्ण पुसून नवं भरा, आणि बूटला पीळ पडला नाही ना ते बघून मगच क्लिप लावा.

ताशी ६०-७० किमीला व्हील थरथरतं.

आधी चाकांचं बॅलन्सिंग, मग वाकलेली रिम, मग टायरला आलेला फुगा. १२ इंची चाकं खड्ड्यात लवकर वाकतात. हे तिन्ही ठीक असतील तरच सांध्यांकडे वळा. थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर डिस्क किंवा ड्रम बघा.

अलाइनमेंट केलं की पंधरा दिवसांत गाडी पुन्हा एका बाजूला ओढते.

टायरमधली हवा आणि एका बाजूचा धरलेला ब्रेक आधी बाद करा: दहा किलोमीटर चालवून चारही रिमना हात लावा, एक जास्त तापलेली असेल तर दोष तिथे. ते नसेल तर अलाइनमेंट न टिकण्याचं सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे लोअर आर्म जिथे बसतो तिथला गंज. ब्रेक लावल्यावर आर्म मागे सरकतो आणि टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते माप) बदलतो. आर्मच्या बुशभोवतीच्या पत्र्यावर केसासारखी चीर किंवा गंजाची लाल रेघ दिसते का, ते बॅटरीच्या उजेडात बघा. चिरेतून सतत लाल पूड येत असेल तर तिथे दोन पत्रे एकमेकांवर घासत आहेत. अशा गाडीचं अलाइनमेंट पुन्हा पुन्हा करणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

गंज कुठे कुठे बघायचा?

मॅट उचलून सुरुवात करा. रबरी मॅटखालचा नमदा किंवा पोत्याचा थर पाणी धरून ठेवतो. काचेच्या रबरातून झिरपणारं पाणी पायाजवळ उतरतं आणि वरून कोरडा दिसणारा फ्लोअर खालून गळतो. मग सरकत्या दाराची खालची पट्टी, दारांच्या तळाची शिवण, सिल (दाराखालची पोकळ पेटी), चाकांच्या कमानींची आतली कड, बॅटरीच्या ट्रेखालची जागा (इथे आम्लही खातं), पेट्रोल टाकीचे पट्टे, लोखंडी ब्रेक पाइप.

मागे पाट्यांचे (पट्टी-स्प्रिंगांचे) हँगर आणि शॅकल, म्हणजे त्या बॉडीला जिथे टांगलेल्या असतात ते जोड, नीट बघा. जास्त माल वाहणाऱ्या गाडीत इथे गंज आणि ताण दोन्ही एकत्र येतात. एका बाजूचा हँगर आत धसला की मागचा अॅक्सल किंचित तिरका होतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते. चालकाला मात्र वाटतं स्टिअरिंग बिघडलं. अॅक्सल तिरका आहे का ते टेपने कळतं: चाकं सरळ ठेवून डावीकडच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर आणि उजवीकडचं अंतर मोजा. ते जवळपास सारखं यायला हवं.

सरकतं दार अचानक घासू लागलं, पट्टी साफ करूनही नीट लागत नसेल, तर बॉडी मध्ये वाकत असण्याची शक्यता आहे.

तपासायला छोटा हातोडा आणि दाभण पुरे. हातोड्याने हळू ठोकत जा: चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला भद्द वाजतो. भद्द वाजेल तिथे दाभण दाबा. विक्रेत्याची गाडी असेल तर आधी विचारा.

किती गंज असेपर्यंत गाडी ठेवावी?

प्रमाणापेक्षा जागा महत्त्वाची. दारात मुठीएवढं भोक पडलं तरी गाडी सुरक्षित असू शकते. रॅकच्या बोल्टजवळ बोटाएवढं पडलं तर नाही. ब्रिटनच्या वार्षिक एमओटी तपासणीत स्टिअरिंग, सस्पेन्शन, ब्रेक आणि सीटबेल्टच्या जोडांपासून ३० सेंमीच्या आतला पत्रा खास निकषाने तपासतात. आपल्याकडेही हीच फूटपट्टी लावावी. त्या ३० सेंमीत दाभण आरपार गेली तर दुरुस्ती होईपर्यंत गाडी उभी ठेवा. दोन्ही बाजूंचे मेंबर आणि मागचे हँगर असं सगळंच एकदम गेलं असेल, तर आमचं मत स्पष्ट आहे: त्या गाडीवर खर्च करू नये.

वेल्डिंग कसं करून घ्यावं?

गॅस वेल्डिंगची ज्योत पातळ पत्र्याचा मोठा भाग तापवते, तो वाकतो आणि पुन्हा लवकर गंजतो. सीओटू, म्हणजे मिग वेल्डिंग असलेल्या डेंटरकडे जा. साध्या आर्क वेल्डिंगने ०.९ मिमीचा पत्रा जळून भोकं पडतात.

कामाआधी बॅटरीच्या दोन्ही तारा काढा, एमपीएफआय (इलेक्ट्रॉनिक इंधन इंजेक्शनच्या) गाडीत ईसीएमचा (इंजिनच्या कंट्रोल युनिटचा) सॉकेटही काढा. पेट्रोलची टाकी किंवा गॅसचा सिलिंडर जवळ असेल तर तो उतरवलाच पाहिजे. फ्लोअरखालून जाणारे पेट्रोल आणि ब्रेकचे पाइप बाजूला घ्या. आतला नमदा, सीट काढा, ओलं पोतं आणि अग्निशामक हाताशी ठेवा. अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावा, नाहीतर करंट बेअरिंग आणि बॉल जॉइंटमधून जाऊन त्यांचे पृष्ठभाग खराब करतो.

मेंबर कापण्याआधी गाडीला दोन्ही बाजूंनी स्टँडचा आधार द्या आणि कर्णाची मापं लिहून ठेवा. एका वेळी एकच बाजू कापायची. कुजलेला पत्रा चकचकीत धातू लागेपर्यंत कापून काढा. गंजावर नवा पत्रा ठेवून कडा वेल्ड केल्या तर गंज आत बंद होतो आणि एक-दोन पावसाळ्यांत कडेनेच फाटतो. फ्लोअरला २० गेज (सुमारे ०.९ मिमी), मेंबरला १८ ते १६ गेज (१.२ ते १.६ मिमी) पत्रा वापरावा. त्याहून जाड पट्टी म्हणजे जास्त मजबुती असा समज आहे, पण मग ताण पट्टीच्या कडेला जमतो आणि शेजारचा पातळ पत्रा चिरतो. पत्र्यावर पत्रा येतो तिथे ८ मिमीची भोकं पाडून ती ३ ते ४ सेंमी अंतरावर भरावीत. सलग वेल्ड न मारता इथे थोडं, तिथे थोडं असं मारत गेलं की पत्रा फुगत नाही. गॅल्व्हनाइज्ड पत्रा वापरत असाल तर वेल्डच्या जागेवरचं जस्त आधी घासून काढा, त्याचा धूर विषारी असतो.

शेवटचा टप्पा बहुतेक ठिकाणी राहून जातो. वेल्डच्या उष्णतेने मेंबरच्या आतला रंग जळून जातो. बाहेर झिंक किंवा इपॉक्सी प्रायमर, शिवणीवर सीलंट आणि रंग लावल्यावर मेंबरच्या भोकातून लांब नळीने आत मेण फवारून घ्या. हे केलं नाही तर दुरुस्त केलेली जागा सर्वांत आधी गंजेल.

लांबी (पुट्टी), फायबर किंवा एम-सीलने भागवलं तर?

दाराच्या तळाला, दिसण्यापुरतं, चालेल. मेंबर, सिल, सीटबेल्टची जागा, पाट्यांचे हँगर इथे मुळीच नाही. पॉप रिव्हेटने ठोकलेली पट्टीही इथे नको.

खालून जळकं ऑइल मारतात, ते बरं का?

पत्र्यावर तेलाचा थर राहतो, पाणी कमी लागतं, इतपत ते काम करतं. पण ते रॅकचे बूट, आर्मचे बुश आणि ब्रेकचे रबरी होस फुगवतं, ब्रेकच्या लायनिंगवर उडालं तर ब्रेक लागत नाही, आणि धुतल्यावर ते अंगणात आणि विहिरीच्या आसपास उतरतं. मेणाचं किंवा लॅनोलिनचं कोटिंग घ्या. ओमनीच्या तळाला ३-४ लिटर आणि पोकळ भागांना साधारण एक लिटर पुरतं.

काळं रबरी अंडरकोटिंग नव्या, स्वच्छ पत्र्यावर उत्तम. गंजावर मारलं तर त्याच्या आड पाणी अडकतं. ते मारायचंच असेल तर तारेच्या ब्रशने घासून, रस्ट कन्व्हर्टर लावून, प्रायमर मारून, मगच. एप्रिल-मे हा योग्य काळ: पत्रा पूर्ण वाळलेला असतो. कोटिंग मारताना पाणी निचरा होण्याची भोकं बुजवू देऊ नका.

गाडी मासळीच्या कामाला आहे. काय वेगळं करावं?

टोपल्यांतून गळणारं बर्फाचं खारं पाणी हा तिचा खरा शत्रू. समुद्राच्या हवेपेक्षा ते कितीतरी वेगाने पत्रा खातं. मागच्या फ्लोअरवर कडा वर वळवलेला अखंड प्लॅस्टिकचा ट्रे ठेवा, त्याचं पाणी नळीने थेट बाहेर काढा. रोज काम संपल्यावर गोड्या पाण्याने आतून आणि चाकांच्या कमानींतून धुवा, आणि दारं उघडी ठेवून वाळू द्या. पुळणीवर गाडी उतरवली असेल तर त्याच दिवशी तळ धुवा. प्रेशरची बंदूक रॅकच्या बूटवर आणि बेअरिंगच्या सीलवर जवळून धरू नका.

सीएनजी किंवा एलपीजी किट असेल तर?

सिलिंडरचे कंस फ्लोअरला बोल्ट केलेले असतात, तिथे खालून मोठे वॉशर किंवा पट्टी आहे का बघा. गंजलेल्या फ्लोअरवर मागे वाढलेलं वजन पाट्यांच्या हँगरवरही येतं. सीएनजी सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी लागते. सिलिंडर उतरतोच, तेव्हा त्याच्याखालचा पत्रा साफ करून रंगवून घ्या.

पत्रा बदलताना चेसिस नंबरच्या जागी गंज निघाला.

तिथे ग्राइंडर लावू नका. नंबर अस्पष्ट असेल तर आधी आरटीओकडे अर्ज करून पुन्हा ठोकण्याची परवानगी घ्या. परवानगीशिवाय कापलेला किंवा ठोकलेला नंबर म्हणजे नूतनीकरण अडकलं आणि चोरीच्या गाडीचा संशयही आला.

१५ वर्षं पूर्ण होत आहेत. तपासणीआधी काय करावं?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते, मग तपासणी होऊन ५-५ वर्षांसाठी वाढते. अर्ज नमुना २५ मध्ये, मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत करता येतो. त्याआधी एक महिना स्टिअरिंग आणि तळ तपासून घ्या, म्हणजे वेल्डिंगला वेळ राहील. घाईत मारलेला काळा रंग तपासणाऱ्याच्या लगेच लक्षात येतो. शाळेच्या किंवा भाड्याच्या गाडीला आठ वर्षांनंतर दर वर्षी फिटनेस लागतो. मुलं नेणाऱ्या गाडीचे सांधे मात्र त्या तारखेची वाट न बघता दर सहा महिन्यांनी, आणि एकदा जूनच्या आधी, हाताने हलवून बघा.

चालत्या गाडीत स्टिअरिंगने साथ सोडली तर?

अॅक्सिलरेटर सोडा, ब्रेक टप्प्याटप्प्याने दाबा, चाकं लॉक होऊ देऊ नका, हझार्ड दिवे लावा. किल्ली फिरवून इंजिन बंद करायच्या नादात स्टिअरिंग लॉक बसवू नका. थांबल्यावर गाडी हळूहळू चालवत गॅरेजपर्यंत न्यायचा मोह टाळा. पुढची चाकं उचलून टो करणाऱ्या गाडीवरच ती न्या.

भंगारात देताना काय काळजी घ्यावी?

नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रातच द्या आणि जमा केल्याचं प्रमाणपत्र घ्या. आरटीओत नोंदणी रद्द झाल्याची खात्री करा, नाहीतर तुमच्या नावावरचा नंबर दुसऱ्या गाडीवर फिरू शकतो. चांगला रॅक, स्ट्रट, काचा निघत असतील तर आधी बोलून ठेवा. पण त्याच गाडीतून काढलेले बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड दुसऱ्या गाडीला लावू नका.